इंगोले सरांचा आचारी

इंगोले सरांना पेशीच्या आतलं काम समजावून सांगायला सूक्ष्मदर्शक लागत नसे. त्यांना पंगत लागे. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि वनस्पतिशास्त्राची बाई मी. दोन्ही विभागांत मिळून एकच प्रयोगशाळा, मधे प्लायवूडचं पार्टिशन, त्यामुळे माझी इच्छा असो नसो, सरांचा तास मला ऐकावाच लागे. दिवाळीच्या थोडं आधी पेशीतल्या प्रथिननिर्मितीचा धडा यायचा. तो आला की पलीकडून कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि पेटत्या गोवऱ्या यांचं वर्णन सुरू व्हायचं आणि इकडे माझी मुलं मॉसची पानं सोडून डबे उघडायची.

सरांचं म्हणणं असं की प्रत्येक पेशी म्हणजे एक कार्यघर. काय काय रांधायचं ते यजमानाच्या तिजोरीत लिहून ठेवलेलं असतं आणि मूळ कागद तिजोरीबाहेर निघत नाही. त्याची नक्कल करून एक चिठ्ठी आचाऱ्याकडे जाते. आचारी म्हणजे रायबोसोम. तो चिठ्ठी वाचतो, हाताखालची माणसं एकेक जिन्नस आणून देतात, आणि आचारी रोडगे वळत जातो. रोडगे म्हणजे प्रथिनं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज घासल्या जातात, झडतात, दर काही दिवसांनी नव्या कराव्या लागतात, म्हणून तिथली चूल कधी विझत नाही. मात्र तिथे एक म्हातारा बसलेला असतो. पुरे झालं की तो आचाऱ्याला बस कर म्हणतो. हा म्हातारा मेला की खेळ संपला. पंगत उठते, लोक सुपारी चघळत घरी जातात, तरी आचाऱ्याचा हात थांबत नाही. उलट तो दुप्पट वेगानं वळायला लागतो. रोडग्यांचा ढीग लागतो, एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि आतड्यात कोंब उभा राहतो. त्याचं नाव कॅन्सर.

धडा उत्तम होता, हे मला मान्य करायला जड जातं, पण होता. माझ्या मुलांना मी शिकवलेलं प्रकाशसंश्लेषण आठवत नसे आणि सरांचा आचारी आठवे. अडचण एवढीच होती की पेशी आपण शिकवल्यामुळे असं वागते, असा सरांचा समज झाला होता. वर्गात कोणी शंका विचारली की ते आधी हसत, खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवत, आणि म्हणत, "सोपं आहे, पन तुले जड जाईन." प्राचार्यांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत प्रत्येकाला ते हे वाक्य ऐकवत. एकदा वीजबिल भरताना खिडकीतल्या माणसालाही ऐकवलं, आणि त्या माणसानं सरांना परत रांगेच्या शेवटी पाठवलं.

सर कायम सफारीत. खुर्चीवर बसण्याआधी रुमालानं ती झटकायची, मग तोच रुमाल पसरून त्यावर बसायचं. शब्दांच्या बाबतीतही ते असेच सोवळे. पचनसंस्था शिकवताना तोंडापासून निघालेला घास ते जठरातून, लहान आतड्यातून मोठ्या थाटात पुढे नेत, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाशी थांबत आणि पुस्तक मिटून सांगत, "पुढचं घरी वाचा." त्यांच्या हातून बाहेर पडलेल्या पिढ्यांना हा घास शेवटी कुठे गेला ते सरांनी कधीच सांगितलं नाही.

पिढ्या मात्र खरंच होत्या. दारव्ह्यात डॉक्टर म्हणा, औषधविक्रेता म्हणा, लॅबवाला म्हणा, सरांच्या तासाला न बसलेला माणूस शोधावा लागे. आठवडी बाजारात भाजी घेताना सर वाटेतल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून तोंडी परीक्षा घेत आणि उत्तर आलं तरच पुढे सरकत. बसस्टँडजवळच्या दातांच्या डॉक्टरची गोष्ट तर त्यानंच मला सांगितली. सर दाढ काढायला आले, खुर्चीत बसले, यानं इंजेक्शन हातात घेतलं तेव्हा सरांनी विचारलं की चिठ्ठी आचाऱ्यापर्यंत कोण नेतो. बिचाऱ्याला आठवेना. सरांनी तोंड मिटलं. बाहेर रोगी ताटकळत बसलेले आणि आत सर दाढदुखी विसरून पूर्ण धडा शिकवताहेत. उत्तर बरोबर आल्यावरच त्यांनी तोंड उघडलं. "हे सगळे माह्या हातचे," असं सर नंतर अभिमानानं सांगायचे, आणि दाढ त्याच्या हातून निघाली हे विसरायचे.

मुलींचा मात्र सरांच्या हातच्यांमध्ये समावेश नव्हता. नीलिमा राठोड नावाची एक मुलगी होती, दिग्रस रस्त्यावरच्या तांड्यातून यायची. प्रत्येक तासाला शंका विचारायची आणि जड जाईन हे ऐकूनही खाली बसायची नाही. बारावीनंतर तिला मेडिकलला जायचं होतं. सरांनी तिच्या वडिलांना बोलावून समजावलं की पोरीला डी.एड. करू द्या, घरच्या घरी मास्तरीण होईल, एवढं शिकून करायचं काय. वडिलांनी ऐकून घेतलं, सरांना वाकून नमस्कार केला आणि मुलीला मेडिकललाच घातलं. हा प्रसंग सर कधी सांगत नसत.

निवृत्तीनंतर सर रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला प्रयोगशाळेत येत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि येऊ नका म्हणायची कोणाची छाती नव्हती. वर्षभरात ते वाळले. मग रुमालाऐवजी उशी यायला लागली. शिपायाला त्यांनी हळूच मूळव्याध असल्याचं सांगितलं, कुठूनसं चूर्ण आणलं, आणि शिपायाकडून ती बातमी दुपारपर्यंत सगळ्या कॉलेजात पोचली. आम्ही सगळे शिकलेले लोक. रक्त जातंय, वजन उतरतंय, वय साठीच्या पुढे आहे, याचा अर्थ काय असू शकतो हे आम्हा प्रत्येकाला कळत होतं. पण ज्या माणसानं जन्मभर शौच हा शब्द तोंडातून काढला नाही, त्याच्यासमोर तो काढणार कोण?

सरांनाही कळत असावं, कारण एक दिवस त्यांनी स्वतःच तपासणी करून घ्यायचं ठरवलं. आता गावातली लॅब प्रवीणची, आणि प्रवीण सरांच्या हातचा. त्याच्यासमोर आपल्या शौचाची ती बाटली ठेवायची म्हणजे जन्माची अब्रू गेली. मग सरांनी जे केलं ते फक्त इंगोले सरच करू शकले असते. त्यांनी बाटली कागदात गुंडाळून नेली आणि प्रवीणला सांगितलं, तुझ्या काकूची आहे.

प्रवीणनं तपासलं, त्यात रक्त सापडलं आणि तो घाबरला. काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, त्याच्यावर जीव होता. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी त्याला कित्येकदा जेवू घातलेलं. आता काकूंना हे सांगायचं कसं, म्हणून त्यानं मला फोन केला, मी प्राचार्यांना विचारलं, प्राचार्यांनी घरी सांगितलं, आणि संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण डाळिंबं आणि केळी घेऊन सरांच्या घरी गेलो. काकू गच्चीवर वाळत घातलेली डाळ हलवत होत्या. आम्हाला पाहून त्या तरातरा जिना उतरल्या, पदराला हात पुसत आल्या. प्राचार्यांच्या बायकोनं त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना धीर धरायला सांगितलं. हल्ली उपचार फार चांगले झालेत, म्हणाल्या. काकूंना वाटलं कोणीतरी गेलं. कोण गेलं ते विचारू लागल्या. शेवटी मीच सांगितलं की प्रवीणच्या लॅबमध्ये त्यांची तपासणी झाली त्याबद्दल आलोय.

काकूंनी वळून पाहिलं. सर पडवीत वर्तमानपत्र वाचत होते, आणि ते वर्तमानपत्र हळूहळू चेहऱ्यावर चढत होतं.

"तुमचं होतं ना ते?" काकूंनी विचारलं.

सरांनी पान उलटलं.

"लाज तुमची अन् नाव माहं," काकू म्हणाल्या. "मरसान तं तेबी माह्याच नावानं मरसान काय?"

आम्ही डाळिंबं तशीच टेबलावर ठेवली आणि उठलो. बाहेर पडेपर्यंत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी इतका राग येत होता की ते वर्तमानपत्र ओढून फाडावंसं वाटत होतं.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरवलं. सरांची अट एकच, डॉक्टर आपला विद्यार्थी नको. त्यामुळे दारव्हा बाद, यवतमाळ बाद, नागपूर ठरलं. काकूंनी मलाही सोबत घेतलं, डॉक्टर इंग्रजीत बोलला तर कोणीतरी हवं म्हणून. वाटेत सर चांगल्या मूडमध्ये होते. मोठ्या शहरात माणसाला कोणी ओळखत नाही, हे किती बरं असतं, यावर ते यवतमाळपासून बोलत होते.

आत गेलो तर डॉक्टर खुर्चीतून उठली आणि तिनं वाकून सरांच्या पायांना हात लावला. नीलिमा राठोड. आतड्याच्या विकारांची तज्ज्ञ. सरांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही तसा पाहिला नाही. ते उठून दाराकडे निघाले होते, पण काकू दाराशीच उभ्या होत्या. नीलिमानं शांतपणे सगळं समजावून सांगितलं, कॅमेरा कुठून जाईल, कुठपर्यंत जाईल, काय दिसेल. एकही शब्द न टाळता सांगितलं. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"हे सगळं तुले शिकवलं कोनं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलं सर," ती म्हणाली. "पुढचं मी घरी वाचलं."

कॅमेऱ्यात गाठ दिसली. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, त्या शेवटच्या वळणाच्या जवळच. तुकडा तपासला, स्कॅन झाला. नीलिमाचं म्हणणं स्पष्ट होतं. गाठ अजून आतड्यातच आहे, दुसरीकडे पसरलेली दिसत नाही, लवकर ऑपरेशन केलं तर सर बरे होण्याची चांगली शक्यता आहे. काकूंनी तिथेच हात जोडले. मलाही हायसं वाटलं.

सरांनी कंगवा काढला. केसांवरून फिरवला. ऑपरेशन करू, म्हणाले, पण आधी काही महिने द्या, माझा एक प्रयोग आहे. आणि त्यांनी एका आतड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरला आचारी समजावून सांगितला. रोगट पेशीत आचाऱ्याचा हात सुटलेला असतो. जगभरचे शास्त्रज्ञ तो हात धीमा करायचं औषध शोधताहेत, हे त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. पण औषध कशाला, किराणा बंद करा. डाळ, दूध, अंडी, सोयाबीन, प्रथिनं म्हणून जे काही असेल ते खाणं बंद. जिन्नसच आले नाहीत तर आचारी वळेल काय? नीलिमानं त्यांना सांगितलं की असं होत नाही, पोटात गेलेली डाळ आणि पेशीतली निर्मिती यांचा असा सरळ हिशेब नसतो, गाठ आपल्याला हवं ते शरीरातून ओढून घेते, तुम्ही फक्त अशक्त व्हाल. सर मंद हसले. ते वाक्य त्यांनी तिलाही ऐकवलं.

आणि घरी येऊन खरोखरच प्रयोग सुरू केला. ज्या घरात तुरीच्या वरणाशिवाय जेवण होत नाही, तिथे सर भाताची पेज आणि साबुदाणा खाऊन राहू लागले. काकूंनी साबुदाण्याच्या थालीपिठात चोरून डाळीचं पीठ घातलं, तर सरांनी पहिल्या घासाला ओळखून ताट सरकवलं. दर आठवड्याला ते धान्याच्या आडतीतल्या काट्यावर वजन करून येत आणि उतरलेलं वजन आम्हाला आनंदानं सांगत. उत्पादन घटून राह्यलं, म्हणत. गालफडं बसली, सफारी खांद्यावरून लोंबायला लागली, आणि प्रत्येक नवीन हाड वर आलं की सरांना वाटे, प्रयोग यशस्वी होतोय.

खरा संताप मला आमच्या स्टाफरूमचा येई. अर्धे लोक म्हणत, सरांच्या म्हणण्यात काहीतरी असेल. त्यांनी विद्यार्थी असताना तो आचारी ऐकला होता, परीक्षेत लिहिला होता, त्यावर मार्क मिळवले होते. उदाहरण हे उदाहरण असतं, आतड्यात कोणी खरंच चूल मांडून बसलेलं नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सरांना जाऊन सांगितलं. सरळ सांगितलं की तुम्ही स्वतःच्या गोष्टीवर भाळलात आणि ती गोष्ट तुम्हाला मारणार आहे. सरांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, वनस्पतींना आतडी नसतात, त्यामुळे तुमचा गोंधळ होतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी सरांचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. गाठीनं वाट पूर्ण बंद केली होती. प्रवीणनंच गाडी काढली आणि त्यांना नागपूरला नेलं. तातडीचं ऑपरेशन झालं, पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागली. तोवर रोग यकृतात पोचला होता. जे आधी बरं होऊ शकत होतं, ते आता फक्त लांबवता येणार होतं. नीलिमानं हे काकूंना बाहेर नेऊन सांगितलं. काकू रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, यांना तूच सांग, आमचं कोणाचं ते ऐकत नाहीत.

मी भेटायला गेले तेव्हा नीलिमा सरांच्या खाटेशी स्टूल ओढून बसली होती. सर तिला विचारत होते की प्रयोग चुकला कुठे. मरायला टेकलेला माणूस आणि प्रश्न हा.

"सर, किराणा बंद केला म्हणून आचारी रिकामा बसत नाही," ती म्हणाली. "तो यजमानाचंच घर फोडतो. तुमच्या दंडाचं, मांड्यांचं पीठ करून त्यानं रोडगे वळले."

सरांनी पांघरुणाखालून आपला हात काढला आणि दंडाकडे बराच वेळ पाहिलं. लोंबणारी कातडी दुसऱ्या हातानं चिमटीत धरून पाहिली.

"हे मले काहून नाही सुचलं?" ते म्हणाले.

आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी मला बजावलं की यापुढे कॉलेजात धडा असाच शिकवायला सांगा, शेवट नीलिमाचा घ्या. आपण जाणार याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं नाही. आपलं उदाहरण अपुरं होतं आणि ते राठोडच्या पोरीनं पुरं केलं, याचं मात्र दिसलं. खोलीबाहेर आल्यावर नीलिमा भिंतीला टेकून उभी राहिली. आपण पहिल्याच दिवशी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं होतं, असं म्हणाली. मी तिला म्हटलं, तरी त्यांनी ऐकलं नसतं. ते खरं की खोटं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सर घरी आले आणि अजून काही महिने जगले. औषधं चालू होती, काकू तिन्ही त्रिकाळ समोर बसून वरण-भात खाऊ घालत होत्या. पण त्या महिन्यांत सरांना एक नवीनच खोड लागली, आणि तिनं अख्ख्या दारव्ह्याला अवघडल्यासारखं करून सोडलं. मी ती शेवटची पाहिली ती काळी-पिवळी जीपगाड्यांच्या स्टँडवर.

मी यवतमाळला जायला जीपमध्ये बसले होते. जीप नेहमीसारखी ठासून भरलेली, ड्रायव्हर अजून एका माणसासाठी थांबलेला. चहाच्या टपरीवरून सर उठले. सफारी गेली होती, काकूंनी शिवून घेतलेला ढगळ सदरा होता आणि त्याखाली पोटापाशी पिशवीचा फुगवटा स्पष्ट दिसत होता. ते झाकायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. काकू टपरीतल्या बाकावर बसून त्यांच्याकडे लक्ष ठेवून होत्या. सर जीपपाशी आले, खिडकीच्या दांडीला धरून उभे राहिले, आणि तोंडी परीक्षेच्या त्याच खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "संडासच्या वाटे रक्त जाते काय इथं कोनाचं?"

पुढे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

"लाजू नका," सर म्हणाले. "मी लाजलो. मूळव्याध म्हटलं, बायकोचं नाव पुढे केलं. हे पाहा काय झालं ते." आणि त्यांनी सदरा वर उचलून पिशवी दाखवली. "जाऊन तपासून घ्या. सोपं आहे."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सरांनी मला पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. परीक्षा चालू असताना ते कोणाला ओळख दाखवत नसत. ते मागच्या खिडकीकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून तेच विचारायला लागले. जीप हलली तेव्हा ते दोन पावलं तिच्यासोबत चालले, मग दमून थांबले.

आत आधी एकजण हसला, मग सगळेच हसले. कोणी म्हणालं म्हातारा सरकला, कोणी म्हणालं मास्तर होता म्हणे मोठा. माझ्या शेजारी बोरीचा एक शेतकरी बसला होता, मांडीवर बियाण्याची पिशवी घेऊन. तो एकटा हसला नाही. अर्धा रस्ता तो खिडकीबाहेर पाहत राहिला. यवतमाळ जवळ आलं तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहून हळू आवाजात मला विचारलं, "बाई, ते सर उद्याबी असतीन काय तिथं?"

"असतील," मी म्हणाले. "पण उशीर करू नका."